घरून नृत्याचा ऑनलाइन क्लास लावताय? फोन महागडा नसला तरी चालेल, पण पाय दिसले पाहिजेत

वर्धा : आष्टी, कारंजा, समुद्रपूरकडच्या एखाद्या खेड्यातल्या मुलीला कथ्थक किंवा भरतनाट्यम शिकायचे असेल तर गावात शिकवणारे सहसा सापडत नाही. वर्ध्याला जावे लागते, नाहीतर थेट नागपूरला. वर्ध्याहूनच नागपूर पाऊणशे किलोमीटर. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागते, त्यामुळे भाडे कमी झाले. वेळ मात्र तेवढाच लागतो. एका तासाच्या क्लाससाठी मुलीचा अर्धा दिवस जातो आणि सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि शहरातल्या नृत्यशिक्षकांनी फोनवर क्लास सुरू केले. लॉकडाउन उठल्यावरही अनेकांनी ते चालू ठेवले. आता पुण्या-मुंबईचे शिक्षकही घरबसल्या मिळतात. पण क्लास लावला, फी भरली आणि दोन महिन्यांत सोडला, असेही होते. "पोरीला जमत नाही" असे म्हणून घरचे विषय संपवतात. खरे तर पुष्कळदा पोरीला जमत असते. अडचण वेगळीच असते. तिचे पाय शिकवणाऱ्या मॅडमला दिसलेलेच नसतात.

ही गोष्ट आधी समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे जाते. नाच बघायचा असेल तर यूट्यूबवर फुकट दिसतो. क्लासची फी आपण मॅडमला पाहण्यासाठी देत नाही. मॅडमने आपल्या लेकराला पाहावे आणि चुकले तिथे टोकावे, यासाठी देतो. म्हणून घरात जी काही तयारी करायची ती "आपल्याला काय दिसते" यापेक्षा "तिकडे काय दिसते आणि काय ऐकू जाते" हे धरून करावी.

जागा किती लागते?

मोठा हॉल लागत नाही. मुलीला खोलीच्या मधोमध उभे करा. दोन्ही हात बाजूला पूर्ण पसरू द्या. मग तसेच हात ठेवून पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे एकेक मोठे पाऊल टाकायला सांगा. हात कुठे भिंतीला, कपाटाला, बाजेला लागला नाही तर जागा पुरेशी आहे. साधारण आठ बाय आठ फूट मोकळी जागा सुरुवातीला पुरते. सहा बाय सहामध्येही पहिले काही महिने निघतात, पण चक्कर शिकायला लागल्यावर अडचण होते.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचे क्षेत्रफळ किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट धरलेले आहे आणि त्यातच स्वयंपाकाची जागा आली. अशा घरात नाचासाठी वेगळी खोली काढणे शक्य नाही. तिथे ओसरी किंवा छपरी कामी येते. दिवाण, बाज, खुर्च्या तासाभरासाठी बाहेर काढायच्या आणि क्लास झाला की परत ठेवायच्या. रोज नेमकी जागा शोधायला नको म्हणून फरशीवर खडूने किंवा रंगीत टेपने चार कोपरे आखून ठेवावेत.

आपल्या जिल्ह्यात एक अडचण वेगळी आहे. दिवाळीनंतर वेचणी जोरात आली की पुढची खोली कापसाने भरते. भाव वाढण्याची वाट पाहिली तर कापूस संक्रांतीच्याही पुढे घरात राहतो. सोयाबीनची पोती असतात ती वेगळीच. क्लास लावतानाच हा हंगाम डोक्यात धरावा. त्या तीन-चार महिन्यांत छपरीत जमेल का, शेजारच्या घरी जमेल का, हे आधीच ठरवावे. ऐनवेळी जागा गेली की क्लास चुकतो आणि एकदा चुकायला लागला की सुटतो.

आणखी एक. कापसाच्या गंजीजवळ एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जर, हॅलोजन काहीही लावू नये. सैल पिनीतून एक ठिणगी पडली तर वर्षाची कमाई जाते. कापसाच्या खोलीत तंतू उडतात, दम लागलेल्या लेकराला त्याने खोकला होतो. त्या खोलीत क्लास नकोच.

जमिनीकडे आधी लक्ष द्या

फोनआधी जमीन पाहावी. कथ्थकमध्ये तत्कार करताना पूर्ण तळपाय जमिनीवर आपटतो, तोही शेकडो वेळा. भरतनाट्यममध्ये गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून अर्धे बसल्यासारखे उभे राहून पाय मारतात. खाली सिमेंटचा कोबा, शहाबादी फरशी किंवा टाइल्स असतील तर जमीन अजिबात दबत नाही. सगळा मार टाच, नडगी आणि गुडघ्यावर येतो. "पाय दुखतात" हे लेकराचे बहाणे नसतात.

शेणाने सारवलेली जमीन या बाबतीत सिमेंटपेक्षा चांगली. ती थोडी मऊ असते. फक्त सारवण आदल्या दिवशी करावे, ओल्या जमिनीवर पाय घसरतो. पोपडे निघाले असतील तर आधी बुजवावेत.

फरशी असेल तर दोन उपाय आहेत. खर्च करायची तयारी असेल तर १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घ्यावे. पूर्ण शीट आठ बाय चार फुटांचे मिळते. दोन शीट शेजारी ठेवल्या की आठ बाय आठचा मंच तयार होतो. खाली रबरी मॅट किंवा सपाट अंथरलेल्या जुन्या सतरंज्या टाकाव्यात. जनावरांच्या कोठ्यात टाकतात ती जाड रबरी मॅट नवी मिळाली तर उत्तम, प्लायवूड सरकत नाही. जोडावर टेप लावावा, कुठे खिळा वर आलेला नसावा. काम झाले की शीट भिंतीला उभ्या करून ठेवता येतात.

खर्च शक्य नसेल तर फरशीवर सराव हळू आणि कमी वेळ करावा, जोरात पाय मारू नयेत. मॅडमला पहिल्याच दिवशी सांगावे की खाली फरशी आहे. त्या त्याप्रमाणे शिकवतात.

गादी, फोम किंवा योगाची चिकट मॅट टाकून त्यावर नाचू नये. गादीवर घोटा मुरगळतो. चिकट मॅटवर चक्कर घेताना पाय जागेवरच अडकतो, शरीर फिरते आणि गुडघा पिळला जातो. गुळगुळीत टाइल्सवर पायमोजे घालूनही नाचू नये.

फोन कुठे ठेवायचा

सर्वात जास्त चूक इथे होते. फोन टेबलावर टेकवून ठेवतात, लेकरू जवळ उभे राहते आणि तिकडे फक्त डोके व छाती दिसते. मॅडम "मागे जा, मागे जा" म्हणत राहतात आणि दहा मिनिटे त्यातच जातात.

फोन कमरेच्या उंचीवर ठेवावा. जमिनीवर ठेवला तर पाय मोठे आणि डोके लहान दिसते, खूप उंच ठेवला तर पायांची ठेवण कळत नाही. ट्रायपॉड काही शे रुपयांत मिळतो. नसेल तर स्टूलवर धान्याचा भरलेला डबा आणि त्याला टेकवून फोन ठेवला तरी चालतो. फक्त तो पाय आपटल्यावर हलता कामा नये. प्लायवूडच्या शीटवर स्टँड ठेवू नये, प्रत्येक थापेला चित्र थरथरते.

खोली लहान असेल तर फोन उभा धरावा. उभ्या फोनमध्ये साधारण पाच-सहा फुटांवरून डोक्यापासून पायापर्यंत लेकरू दिसते. आडव्या फोनसाठी नऊ-दहा फूट अंतर लागते, पण मग बाजूला जाणारी पावले आणि चक्करही चौकटीत राहतात. फोन प्रत्येकाचा वेगळा, म्हणून एकदा स्वतः तपासावे. मुलीने हात डोक्यावर ताणून उभे राहावे. स्क्रीनवर बोटांचे टोकही दिसले पाहिजे आणि पायाचा अंगठाही. दोन्ही दिसले की फोनची जागा फरशीवर टेपने खूण करून ठेवावी.

सहा फुटांवरून लहान स्क्रीन नीट दिसत नाही, ही दुसरी बाजू. घरात स्मार्ट टीव्ही असेल तर फोनची स्क्रीन टीव्हीवर घेता येते. फोनच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन कास्ट' किंवा त्यासारखा पर्याय असतो. त्या वेळी फोन टीव्हीच्या अगदी शेजारी ठेवावा, म्हणजे लेकरू टीव्हीकडे पाहते तेव्हा मॅडमकडेच पाहिल्यासारखे होते. टीव्ही नसेल तर मॅडमचे चित्र 'पिन' करावे. झूममध्ये ज्याचा आवाज येईल त्याचे चित्र मोठे होते, त्यामुळे दुसऱ्या मुलीचे घुंगरू वाजले की मॅडम गायब होतात. पिन केल्यावर हा घोळ होत नाही.

डावे-उजवे हाही मोठा गोंधळ आहे. समोरासमोर उभे राहिल्यावर मॅडमचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो. त्यात फोन आपलेच चित्र आरशासारखे उलटे दाखवतो. लहान मुले यात हमखास गोंधळतात. उजव्या मनगटाला एक लाल रिबीन बांधावी आणि मॅडमलाही तसेच करायची विनंती करावी. "लाल हात वर" म्हटले की प्रश्न मिटतो.

उजेड समोरून हवा

लेकराच्या पाठीमागे खिडकी किंवा उघडे दार असेल तर तिकडे फक्त काळी सावली दिसते. खिडकी फोनच्या मागे आणि लेकराच्या समोर असावी. संध्याकाळी क्लास असेल तर एक एलईडी बल्ब फोनच्या वरच्या बाजूला भिंतीवर घ्यावा. एकच बल्ब लेकराच्या डोक्यावर असेल तर चेहरा आणि पाय दोन्ही अंधारात जातात. मागची भिंत मोकळी ठेवावी आणि कपड्यांचा रंग भिंतीपेक्षा वेगळा असावा. ढगळ लेगिंग किंवा पायघोळ परकर नको, गुडघा वाकला की नाही ते कळले पाहिजे. केस बांधलेले आणि ओढणी कमरेला घट्ट.

रेंज आणि डेटाचा हिशेब

व्हिडिओ बघायला नेट खाली यावे लागते, पण आपला व्हिडिओ मॅडमपर्यंत जायला नेट वर जावे लागते. याला अपलोड म्हणतात. आपल्याकडे पिक्चर बिनधोक चालतो, पण मॅडम म्हणतात "तू अडकली आहेस", त्याचे कारण बहुतेक वेळा अपलोड कमी पडणे हे असते. 'ट्राय'चे 'मायस्पीड' ॲप फुकट आहे. त्यात डाउनलोड आणि अपलोड दोन्ही वेगळे दिसतात. अपलोड एक-दीड एमबीपीएस स्थिर मिळत असेल तर क्लास चालतो. तपासणी क्लासच्या वेळेलाच करावी. रात्री आठला सगळे गाव मोबाईलवर असते, तेव्हाचा आकडा आणि सकाळी सहाचा आकडा यात मोठा फरक पडतो. शक्य असेल तर सकाळची वेळ मागावी. उन्हाळ्यात तर सकाळच बरी. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी टिनाच्या खाली नाचणे धोक्याचे आहे.

हिशेब असा आहे. एक एमबीपीएस वेगाने तासाभरात साधारण ४५० एमबी डेटा जातो. येणारा आणि जाणारा व्हिडिओ दोन्ही धरले तर एका तासाच्या क्लासला ९०० एमबीच्या आसपास लागतात, चित्र जास्त स्पष्ट ठेवले तर त्याहून जास्त. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर क्लासच्या दिवशी घरच्यांनी त्या सिमवर सकाळपासून रील्स पाहिल्या की क्लास मध्येच बंद पडतो.

नाचायच्या खोलीत रेंज नसेल तर एक जुनी युक्ती चालते. दुसरा फोन जिथे रेंज आहे तिथे, खिडकीत किंवा स्लॅबवर सावलीत ठेवायचा, त्याचा हॉटस्पॉट सुरू करायचा आणि क्लासचा फोन त्याला जोडायचा. मध्ये फोन आला तर क्लास तुटतो, म्हणून क्लासच्या फोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' लावावे आणि हॉटस्पॉटच्या नंबरवर फोन करू नका, असे घरच्यांना सांगून ठेवावे.

ॲपची मर्यादाही माहीत असावी. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांनी बंद होते. गुगल मीटच्या फुकट खात्यावर तीन किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटे मिळतात. क्लास मध्येच कटला तर आपले नेट गेले असे समजू नये, त्याच लिंकवरून परत जोडावे किंवा ग्रुपवर नवी लिंक पाहावी.

घुंगरांचा आवाज जातो कुठे?

पुष्कळ पालक सांगतात, "इकडे घुंगरू खणखण वाजतात, मॅडम म्हणतात ऐकूच येत नाही." फोन खराब नसतो. ही ॲप बोलण्यासाठी बनवलेली आहेत. माणसाचा आवाज सोडून बाकी सगळे, म्हणजे पंखा, भांडी, कुत्र्याचे भुंकणे, ती गोंगाट समजून कापतात. त्यात घुंगरू, पायाची थाप आणि तबलाही कापला जातो. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' असा पर्याय आहे, तो चालू करावा. मीटमध्ये 'नॉइज कॅन्सलेशन' दिसत असेल तर ते बंद करावे. मग मात्र घरातला प्रत्येक आवाज तिकडे जातो. कूलर, टीव्ही, मिक्सर तेवढा वेळ बंद ठेवावा लागेल.

दुसरी गोष्ट, आवाज पोहोचायला थोडा वेळ लागतो. मॅडम "ता थेई थेई तत" म्हणतात ते आपल्याकडे उशिरा येते. मुलगी त्यावर बरोबर पाय टाकते आणि तो आवाज परत तिकडे जाताना आणखी उशीर होतो. तिकडे ऐकताना पोर तालात नाही असे वाटते. म्हणून सगळ्यांनी एकदम तालात नाचणे ऑनलाइन जमत नाही. अनुभवी शिक्षक बाकीच्यांचे माइक बंद ठेवून एकेकीला करायला लावतात. लेहरा किंवा तबल्याचे ॲप मुलीच्याच घरी दुसऱ्या फोनवर लावायला सांगतात, म्हणजे थाप आणि ताल एकत्रच तिकडे पोहोचतात. क्लासनंतर एक-दोन मिनिटांचा सरावाचा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर पाठवला तर त्यात ताल अचूक ऐकू येतो. आठवड्याला असा एक व्हिडिओ तपासून मिळेल का, हे फी भरण्याआधी विचारावे.

स्पीकर लावायचा तर वायरचा लावावा. ब्लूटूथ स्पीकरमध्ये आवाज आणखी मागे पडतो. एकाच खोलीत दोन फोनवरून क्लास जोडला तर एकाचा माइक आणि आवाज दोन्ही पूर्ण बंद ठेवावे, नाहीतर कानठळ्या बसवणारी शिट्टी येते.

लाइट गेली तर

क्लासआधी दोन्ही फोन पूर्ण चार्ज असावेत. चार्जिंगला लावून क्लास करू नये, फोन तापतो आणि आपोआप चित्र अडखळू लागते. कव्हर काढून ठेवले तर फोन कमी तापतो. घरात ब्रॉडबँड असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, त्यावर लाइट गेली तरी नेट चालू राहते. चार्जिंगचा एक बल्ब हाताशी असावा. पावसाळ्यात टिनावर सरी कोसळल्या की काहीच ऐकू येत नाही. अशा दिवशी वेळ बदलून घ्यावी.

लेकराची सुरक्षा आणि पैसे

क्लास बंद खोलीत नको. दार उघडे असावे, घरचे मोठे माणूस येता-जाता दिसावे. पहिल्या काही क्लासला आई किंवा आजीने शेजारी बसावे. क्लासचे रेकॉर्डिंग होते का, ते कोणाकडे राहते, हे विचारावे. परवानगीशिवाय लेकराचा व्हिडिओ कुठे टाकायचा नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. क्लासची लिंक गावच्या ग्रुपवर टाकू नये, कोणीही आत शिरतो. शिक्षकाने लेकराला एकट्याला वेगळे मेसेज करण्याची गरज नसते, बोलणे पालकांच्या नंबरवरच व्हावे. काही खटकले तर चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर आहे.

वर्षाची फी एकदम भरू नये. आधी एक क्लास पाहायला मागावा, मग महिन्या-महिन्याने द्यावी. पैसे घेण्यासाठी कोणालाही पिन टाकावा लागत नाही. "फी परत करतो, क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला तर ती फसवणूकच. पैसे गेले तर लगेच १९३० वर कळवावे.

परीक्षेचे काय?

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला सुरू केलेल्या गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ नृत्याच्याही परीक्षा घेते. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण, असा हा क्रम आहे. दहावीला शास्त्रीय कलांच्या मान्य परीक्षांसाठी वाढीव गुण देण्याची तरतूद राज्यात आहे. किती परीक्षा लागतात आणि प्रस्ताव कधीपर्यंत द्यायचा, हे नववीतच शाळेत विचारून ठेवावे. "आमच्याकडे सर्टिफिकेट मिळते" असे क्लासवाले म्हणाले तर ते स्वतःचे देतात की मान्य संस्थेच्या परीक्षेला बसवतात, हे विचारावे. क्लासचा स्वतःचा कागद गुणांसाठी चालत नाही.

एका घरी जमत नसेल तर

गावात तीन-चार मुली शिकणाऱ्या असतील तर एकाच जागी क्लास लावणे परवडते. शाळेची खोली किंवा समाजमंदिर रविवारी सकाळी रिकामे असते. मुख्याध्यापक, सरपंचांना विचारून पाहावे. ग्रामपंचायतीत भारतनेटची लाइन खरोखर चालू असेल तर नेटचाही प्रश्न सुटतो. प्लायवूड, ट्रायपॉड, स्पीकर यांचा खर्च वाटला जातो आणि मुलींना एकमेकींची सोबत होते. मात्र चौघी एकदम फोनसमोर उभ्या राहिल्या तर कोणाचेच पाय दिसणार नाहीत. खूण केलेल्या जागेवर एकेकीने यायचे आणि बाकीच्यांनी हाताने ताल धरायचा.

क्लासच्या दहा मिनिटे आधी

१. जागा झाडून कोरडी केली का? खडा, पिन, सरकीचा दाणा पायाखाली नको.
२. फोन खुणेवर आहे का? बोटांची टोके आणि पायाचा अंगठा दोन्ही दिसतात का?
३. उजेड समोरून आहे ना?
४. दोन्ही फोन चार्ज, डेटा शिल्लक, 'डू नॉट डिस्टर्ब' चालू?
५. 'ओरिजिनल साउंड' चालू, पंखा-टीव्ही बंद?
६. क्लासच्या तासभर आधी पोटभर जेवण नको. पाणी जवळ ठेवले का?
७. जोडल्यावर पहिला प्रश्न मॅडमला विचारावा : "मॅडम, माझे पाय दिसतात का?"